साताऱ्याची प्रत

बाबांच्या स्लाइड्स ज्या डब्यांत आहेत, त्यांतल्या बऱ्याच डब्यांवर ‘ओर्वो’ असं नाव आहे. सत्तरच्या दशकात आपल्याकडे परदेशी फिल्म मिळणं मुश्कील होतं. त्यातल्या त्यात पूर्व जर्मनीची ओर्वो मिळायची, आणि कृष्णधवलसाठी उटीच्या कारखान्यातली इंदू. ओर्वो म्हणजे ओरिजिनल वोल्फेन. वोल्फेन हे त्या कारखान्याचं गाव. १९९० मध्ये पूर्व जर्मनी हा देशच उरला नाही आणि पुढच्या काही वर्षांत तो जुना कारखानाही बंद पडला. कंपनी गेली, देश गेला. पण १९७४ च्या मे महिन्यातली रायगडावरची एक स्लाइड मी चिमटीत धरून खिडकीकडे करते, तेव्हा जगदीश्वराच्या देवळासमोर डोळे बारीक करून उभी असलेली आई मला दिसते. राज्याभिषेकाला तीनशे वर्षं होत होती ते हे साल. रंग तांबूस झालेत, कोपऱ्यात बुरशीचा डाग आहे, तरी दिसते. त्यासाठी पासवर्ड लागत नाही, यंत्र लागत नाही. खिडकीतला उजेड पुरतो.

गेलं वर्षभर मी घरासाठी नॅस घ्यायच्या विचारात होते आणि त्या वर्षभरात ही स्लाइड माझ्या टेबलावरून हलली नाही. नॅस म्हणजे राउटरला वायरने जोडलेला, आत दोन किंवा चार हार्ड डिस्क असलेला डबा. घरातल्या सगळ्या फोनना, लॅपटॉपना, टीव्हीला त्याच्यावरचं दिसतं. डबे चांगले असतात, मला त्यात शंका नव्हती. मला अडत होतं ते एका शब्दापाशी: ‘कायमचा’. कायमचा म्हणून कोणत्या कंपनीचा घ्यायचा?

आधी जिन्नस किती आहे ते सांगते, कारण त्याशिवाय एवढा घोर कशासाठी ते कळणार नाही. बाबा पाटबंधारे खात्यात होते. बदल्या झाल्या त्या गावांचे, धरणांच्या कामांचे, देवळांचे, घाटांचे, आमचे, आत्याच्या घरचे असे त्यांनी काढलेले फोटो म्हणजे चार हजारांवर स्लाइड्स. बाबा २०२२ मध्ये गेले. त्याच्या आधीची तीन वर्षं आम्ही दोघांनी बसून त्या स्कॅन केल्या. एक स्लाइड नीट स्कॅन केली की साधारण ८० एमबीची फाइल होते. साठेक कॅसेट आहेत. एक नव्वद मिनिटांची कॅसेट दाबून लहान न करता उतरवली की ९५० एमबीच्या आसपास जाते. माझ्या मुलाच्या लहानपणच्या मिनीडीव्ही टेप आहेत, त्यांचा एक तास म्हणजे १३ जीबी. आणि मग सगळ्यांच्या फोनमधले फोटो. सगळं मिळून दीड टीबीच्या घरात जातं. एखाद्या ऑफिसच्या मानाने हे काहीच नाही. आमच्या घराच्या मानाने हे सगळं आहे.

हे सगळं मी एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर ठेवलं होतं. एकाच. २०२३ च्या दिवाळीत, आकाशकंदिलाची माळ शोधताना मी ती कपाटातून काढून टेबलावर ठेवली, नंतर जोडली, आणि आतून टक्, टक्, टक् असा आवाज यायला लागला. घड्याळासारखा, पण घड्याळापेक्षा हळू. डिस्कमधला वाचणारा दांडा जागा शोधतो, सापडत नाही, परत फिरतो, त्याचा तो आवाज असतो हे मला नंतर कळलं. डेटा काढून देणाऱ्या माणसाने पाच आठवडे खटपट करून बरंच परत दिलं. स्लाइड्सचे स्कॅन पुन्हा करता आले, कारण स्लाइड्स होत्या. परत आलं नाही ते अकरा कॅसेटचं काम. त्यातल्या दहा मी पुन्हा उतरवल्या. अकरावीत आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या, १९८३ सालच्या. ती टेप पहिल्या वेळी उतरवतानाच शेवटी तुटली होती, आणि ‘आता फाइल आहे’ म्हणून मी ती जपली नव्हती. त्या चाळीस मिनिटांतल्या आता मला दोन ओळी पाठ आहेत.

तो दोष डिस्कचा नव्हता. एकच प्रत ठेवणं हे माझं चुकलं, आणि निदान आमच्या घरात तरी हे चुकायला नको होतं.

बाबांचं घर नारायण पेठेत होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. सकाळी धरण गेलं, मग खडकवासल्याची भिंत गेली, मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. घरातली माणसं वाचली, कारण गच्चीच्या जिन्याची किल्ली सापडली. खालच्या खोलीतली पत्र्याची ट्रंक वाचली नाही. तिच्यात आजोबांची शाळेची प्रमाणपत्रं, पणजोबांचा एकुलता एक फोटो, लग्नाचे फोटो. पाणी ओसरल्यावर ट्रंक सापडली ती गाळाने भरलेली. बाबा सांगायचे की कागदांची एक वीट झाली होती. वाळवायला ठेवली तर पानं सुटेनात, ती तशीच टाकून द्यावी लागली.

आज १९६१ च्या आधीचा आमच्या घराण्याचा एकच फोटो आहे, आणि तो साताऱ्याहून आलेला आहे. आत्याचं लग्न होऊन ती साताऱ्याला गेली तेव्हा आजीने आठवण म्हणून एक प्रिंट तिच्या सामानात घातली होती. नंतर नोकरी लागली, कॅमेरा आला, तेव्हापासून बाबांनी नेम धरला: चांगल्या फोटोची एक प्रिंट जास्तीची काढायची आणि साताऱ्याला पाठवायची. पाकिटावर मागे ‘साताऱ्याची प्रत’ असं लिहिलेलं असायचं. लहानपणी मला वाटायचं, आत्या हौशी आहे म्हणून मागवते.

संगणकाच्या जगात एक नियम सांगतात: तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. पीटर क्रोघ या अमेरिकी छायाचित्रकाराने तो रूढ केला. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा उठून आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, “हे तर ह्यांचंच.”

तर आता कंपनी.

माझ्या बहिणीचा मुलगा हिंजवडीत एका कंपनीचे सर्व्हर सांभाळतो. त्याचं मत पहिल्या दिवसापासून ठाम होतं. “मावशी, तू तयार डबा कशाला घेतेस? जुना पीसी पडलाय ना तुझ्याकडे, त्यावर मी ट्रूनॅस टाकून देतो. कंपनीचं झंझटच नको.” ट्रूनॅस म्हणजे साध्या पीसीचा नॅस करणारं सॉफ्टवेअर, पूर्वीचं फ्रीनॅस. त्याचा आधार झेडएफएस ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत. ती लिहिलेल्या प्रत्येक तुकड्याची खूण जपते आणि वाचताना ताडून बघते, त्यामुळे डिस्कवर पडल्या पडल्या एखादा फोटो नासत असेल तर तो नासलाय हे निदान कळतं. बाबांच्या फोटोंना हेच हवं असं मला मनापासून वाटलं. मी जवळजवळ हो म्हणाले होते. मग विचारलं, “आणि तू उद्या कॅनडाला गेलास तर?” तो म्हणाला, “व्हिडिओ कॉलवर सांगीन की.” थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, “पण तू तिथे कमांड लाइनवर बसशील का रात्री अकराला?” मी बसेन. पण मी नसले तर माझा नवरा बसणार नाही, मुलगा स्टुटगार्टला आहे, आणि आई एक्याऐंशीची आहे. घरात ज्याला एकच माणूस जाणतो ते साधन त्या माणसाइतकंच टिकतं. त्याच्यासारख्यांनी ट्रूनॅसच घ्यावा असं मी आजही म्हणेन. आमच्याकडे तयार डबाच हवा होता.

कंपन्यांची वयं मी वहीत लिहून काढली. सिनॉलॉजी २००० सालची, क्यूनॅप २००४ ची, दोन्ही तैवानच्या. असुस्टॉर २०११ ची, असुसच्या घरातली. यूग्रीन हे नाव आपल्याला चार्जर आणि केबलमुळे माहीत; त्यांचे नॅस चीनबाहेर २०२४ पासूनचे, यंत्र म्हणून तगडे आणि पैशाच्या मानाने भरपूर देणारे. नेटगिअरने रेडीनॅस ही आपली मालिका बंदच करून टाकली. सगळ्यांत थोरल्या कंपनीचं वय पंचवीस वर्षं, आणि माझ्या टेबलावरची स्लाइड एकावन्न वर्षांची! तेव्हाच मला कळलं की मी चुकीचा प्रश्न विचारतेय. यातली कोणतीच कंपनी रायगडच्या फोटोला पुरणार नव्हती. डिस्कची हमी तीन वर्षांची, फार तर पाच. डबा आठ-दहा वर्षं चालला तर नशीब. कंपनी मध्येच विकली जाईल, दिशा बदलेल, बंद पडेल. म्हणजे बाबांचे फोटो या डब्यातून त्या डब्यात जाणारच होते. मग बघायचं ते हे की फोटो त्यातून किती सहज बाहेर निघतात.

हे कळायला मला ड्रोबोची गोष्ट उपयोगी पडली. ड्रोबो हा काळा देखणा डबा अमेरिकेतल्या छायाचित्रकारांचा लाडका होता. कुठल्याही मापाच्या डिस्क कोंबा, तो आपोआप जमवून घेई. एक डिस्क गेली की लाल दिवा, नवी घातली की हिरवा. माझ्यासारखीला याहून सोपं काय हवं? पण तो डिस्कवर जे लिहायचा ते त्याच्या स्वतःच्या पद्धतीने. त्याची डिस्क काढून संगणकाला जोडली तर संगणकाला ती कोरी वाटे. ड्रोबोमधलं वाचायला ड्रोबोच हवा. २०२२ च्या जूनमध्ये मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली आणि २०२३ मध्ये तिचा गाशा गुंडाळायची कारवाई सुरू झाली. डबा बिघडला की लोक जुन्या बाजारात दुसरा ड्रोबो शोधत फिरू लागले. डिस्क ठणठणीत, फोटो आत शाबूत, आणि दाराची किल्ली बुडालेल्या कंपनीच्या खिशात.

याउलट सिनॉलॉजी, आणि तिच्यासारखे आणखी काही डबे, आतून लिनक्स या सगळ्यांना खुल्या असलेल्या संगणक-प्रणालीचेच आहेत. डिस्क एकत्र बांधायचं काम लिनक्सची उघडी, सगळ्यांना माहीत असलेली साधनं करतात. डबा मेला तर डिस्क काढा, उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) असलेल्या साध्या पीसीला जोडा आणि फाइल काढून घ्या, अशी कृती सिनॉलॉजीने स्वतःच लिहून ठेवली आहे. आपल्या घरातून बाहेर कसं पडायचं हे जो यजमान पाहुण्याला आल्या आल्या सांगतो, त्याच्याकडे मुक्काम करायला मला धीर येतो.

पुण्यात वाढलेल्या माणसाला हे समजायला खरं तर लांब जायला नको. पेशवे दफ्तरातले कागद रुमालात बांधलेले असतात. रुमाल म्हणजे चौकोनी कापड, त्यात कागद ठेवायचे, चार टोकं घेऊन गाठ मारायची. कापड विणणारा कोण होता याला काही महत्त्व नाही. ते विरलं की दुसरं कापड, पुन्हा तशीच गाठ. अशा रुमालांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड रियासतकार सरदेसायांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात छापून निघाले. गाठ कोणालाही सोडता येते म्हणून ते झालं.

पण त्याच दफ्तराने मला दुसरी, अधिक अवघड गोष्ट शिकवली. रुमाल सुटतो, कागद पसरतो, आणि समोर मोडी असते. आमच्याकडे साताऱ्याहून आलेला मोडीतला एक कागद आहे. घरात तो कोणालाच वाचता येत नव्हता. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग होतात; तिथे शिकलेल्या एका बाईंनी तो वाचून दिला. खापरपणजोबांनी विहिरीसाठी काढलेलं कर्ज निघालं. कागद धड, शाई धड, रुमाल धड, आणि तरी तीन पिढ्या आम्ही त्याच्याकडे चित्रासारखं बघत होतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जी लिपी कचेरीत रोज वापरात होती, तिची ही गत.

म्हणून मी फाइलींच्या लिपीचाही विचार केला. स्लाइड्स टिफमध्ये, आणि बघण्यासाठी जेपेगमध्ये. आवाज साध्या वेव्हमध्ये. एखाद्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरला उघडतं असं काही ठेवलं नाही. नॅसबरोबर फोटोंची सुरेख अॅप येतात, चेहरे ओळखतात, त्यांना नावं देता येतात. मी ती आईसाठी वापरते. पण अशी नावं बहुधा त्या अॅपच्या स्वतःच्या वहीत राहतात, फोटोच्या फाइलबरोबर दुसरीकडे जात नाहीत. त्यामुळे कोण, कुठे, कधी हे मी फोल्डरच्या नावात आणि आत एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये मराठीत लिहिलंय. ‘डावीकडून: आत्या, आई, जोशी ओव्हरसीयर यांच्या सौ., मागे कोण ते आठवत नाही.’ हे काम मला सगळ्यांत जास्त पुरलं. चार महिने. आई शेजारी बसून सांगायची. काही फोटोंपाशी ती बोलायची थांबायची, मग मीही टायपिंग थांबवायचे.

सुरक्षेचं थोडक्यात सांगते, पण ते गाळता येण्यासारखं नाही. २०२१ च्या जूनमध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या डब्यांतला मजकूर जगभर इंटरनेटवरून पुसला गेला. लोक सकाळी उठले तर डबे रिकामे. त्या डब्यांना शेवटचं अपडेट २०१५ मध्ये मिळालं होतं. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या टोळीने हजारो क्यूनॅप डब्यांतल्या फाइलींना कुलूप लावून ०.०३ बिटकॉइनची खंडणी मागितली. सिनॉलॉजीच्या डब्यांवरही २०१४ मध्ये असंच संकट येऊन गेलंय. कोणाचंच घर याला अपवाद नाही. यातून मी दोन गोष्टी घेतल्या. कंपनी जुन्या डब्याला किती वर्षं अपडेट देते हे घेण्याआधी बघायचं. आणि डबा इंटरनेटवर उघडा ठेवायचा नाही. बाहेरून फोटो दिसण्याची सोय मी बंद करून टाकली. मुलगा स्टुटगार्टहून म्हणाला, “आई, मला इथून बघता आलं असतं ना.” मी म्हटलं, “अरे, तू आलास की बघ. हवे ते मी पाठवते.” त्याला थोडं लागलं असावं. पण मी बदललं नाही.

निर्णय होत आला आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये सिनॉलॉजीने जाहीर केलं की त्यांच्या नव्या प्लस मालिकेला कंपनीच्या स्वतःच्या किंवा तिने प्रमाणित केलेल्याच डिस्क लागतील. मी वही मिटली. बाहेर पडायचा रस्ता मोकळा आहे म्हणून ज्यांच्याकडे जायचं, तेच आत येताना हात धरायला लागले तर काय? भाचा तर “सांगत होतो ना” म्हणायला खास घरी आला. ऑक्टोबरमध्ये डीएसएम या आपल्या डब्यांच्या प्रणालीच्या नव्या ७.३ आवृत्तीबरोबर त्यांनी ती अट बरीचशी मागे घेतली. इतरांच्या हार्ड डिस्क पुन्हा चालू लागल्या. गिऱ्हाइकांनी केलेला आरडाओरडा कामी आला असणार असं मला वाटतं. अट गेली याचा आनंद झाला, आणि अशी अट केव्हाही येऊ शकते हेही मी वहीत लिहून ठेवलं. निष्ठा म्हणून नाही, तर त्या दिवशी उपलब्ध असलेल्यांत निघायला सोपा म्हणून मी नोव्हेंबरमध्ये सिनॉलॉजीचा दोन बेचा, म्हणजे दोन डिस्क बसणारा, डबा मागवला.

डिस्क मात्र वेगळ्या घेतल्या. चार-चार टीबीच्या दोन, दोन निराळ्या कंपन्यांच्या, दोन निराळ्या दुकानांतून. एकाच खोक्यातून आलेल्या डिस्क एकाच सुमारास दगा देऊ शकतात. घेताना ती सीएमआर प्रकारची आहे ना हे विचारून घेतलं. दुसरा प्रकार एसएमआर. त्यात कौलांसारखे एकावर एक चढवून माग लिहिलेले असतात, त्यामुळे एक पुन्हा लिहायचा तर शेजारचेही उचकटावे लागतात आणि डिस्क बदलताना नॅस रडकुंडीला येतो. २०२० मध्ये नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेत असे काही नग न सांगता दिल्याचं उघड झालं, तेव्हापासून जाणकार खोक्यावरचा मॉडेल नंबर वाचतात. दुकानदार म्हणाला, “मॅडम, एवढं कोणी विचारत नाही.” पण आत जाऊन त्याने नंबर ताडून आणला.

दोन्ही डिस्कवर तेच ते लिहिलं जातं, आरशासारखं. याला रेड (RAID) म्हणतात; मघाच्या रेड मालिकेशी या नावाचा संबंध नाही. बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या १९८८ च्या निबंधातून हे नाव रुळलं. एक डिस्क गेली तर दुसरी काम चालू ठेवते. लोक इथे थांबतात आणि निश्चिंत होतात, म्हणून मी हे ठासून सांगते: आरसा म्हणजे दुसरी प्रत नव्हे. मी चुकून एक फोल्डर पुसलं तर ते दोन्हीकडून त्याच क्षणी पुसलं जातं. नारायण पेठेतल्या ट्रंकेशेजारी तशीच दुसरी ट्रंक ठेवली असती तर १२ जुलैला काय फरक पडला असता?

डबा कुठे ठेवायचा यावर आठवडा गेला. माळ्यावर नको, एप्रिल-मेमध्ये तिथे भट्टी होते. बेडरूममध्ये नको, रात्री डिस्क खुडखुड करतात, दाण्याच्या डब्यात उंदीर शिरावा तसा आवाज. शेवटी बैठकीतल्या पुस्तकांच्या कपाटात खालचा कप्पा मोकळा केला आणि वारा लागावा म्हणून मागची फळी कापून घेतली. शेजारी छोटा यूपीएस. आमच्याकडे दुरुस्तीसाठी म्हणून गुरुवारी वीज जाते. गेली की यूपीएस यूएसबीच्या वायरने डब्याला कळवतो आणि डबा आवरून बंद होतो. दोन डिस्क धरून वीस वॅट धरले तरी महिन्याला चौदा-पंधरा युनिट होतात. आईने एवढंच विचारलं, “फ्रीजपेक्षा कमी ना?” कमीच आहे.

सगळा माल चढवून झाल्यावर डिसेंबरातल्या एका रविवारी मी भाच्याला जेवायला बोलावलं आणि सांगितलं, आज डबा मेला असं समज. त्याने डबा बंद केला, एक डिस्क ओढून काढली, आणि डॉकमध्ये खोचून आपल्या उबुंटूच्या लॅपटॉपला जोडली. काहीच दिसलं नाही. त्याने काहीतरी टाइप केलं, लाल अक्षरं आली. परत केलं, परत तेच. मी पोळ्या करत होते ती गॅस बंद करून बाहेर आले. तो म्हणाला, “थांब मावशी, एक पॅकेज कमी आहे,” आणि ते उतरवायला लागला. माझ्या कानात टक् टक् सुरू झालं होतं. मग त्याने डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली, लिहायला बंदी ठेवून. पडद्यावर एक खिडकी उघडली आणि तिच्यात देवनागरीत फोल्डरांची नावं ओळीने उभी राहिली. ‘१९७४ मे रायगड’. त्याने त्यावर टिचकी मारली. आई, देऊळ, तांबूस आकाश.

वीस मिनिटं लागली होती. त्या वीस मिनिटांत काय काय केलं ते मी त्याच्याकडून एकेक ओळ लिहून घेतलं. ते दोन कागद आता सोसायटीच्या आणि विम्याच्या कागदांच्या फाइलमध्ये आहेत, मराठीत, मोठ्या अक्षरात. वर लिहिलंय: ‘हे जमलं नाही तर लिनक्स येणाऱ्या कोणालाही हा कागद दाखवा.’ मुख्य पासवर्ड पाकिटात बंद आहे. फोटोंना मी कुलूपही घातलेलं नाही. बँकेचे कागद वेगळ्या, कुलूपबंद फोल्डरमध्ये आहेत, फोटो उघडे. कोणी चोरून आईचा रायगडावरचा फोटो पाहिला तर पाहू दे. किल्ली हरवून आम्हालाच तो दिसला नाही, ते मला सोसणार नाही. डिस्क परत बसवल्यावर डब्याने रात्रभर खुडखुड करत आरसा पुन्हा जुळवला.

दुसरी आणि तिसरी प्रत साध्या यूएसबी डिस्कवर आहे. अशा दोन डिस्क आहेत, एक घरी, एक बाहेर, आणि दर सहा महिन्यांनी त्यांची अदलाबदल. क्लाउडचा विचार केला होता. दीड टीबी वर चढवायला आमच्या जोडणीवर तीनेक दिवस पुरले असते, तेवढं काही जड नव्हतं. पण दर वर्षी भाडं भरायला कोणीतरी जिवंत आणि शुद्धीत असावं लागतं, आणि मला एक तरी प्रत अशी हवी होती जी भाडं थकलं म्हणून जाणार नाही.

जानेवारीत मी स्वारगेटहून साताऱ्याच्या एसटीत बसले. डिस्क स्पंजच्या डब्यात, डबा स्टीलच्या डब्यात, आणि तो मांडीवर. आत्या आता नाही. आत्येबहीण त्याच घरात राहते. चहा झाल्यावर तिने कपाट उघडलं. वरच्या खणात बाबांची पाकिटं तशीच होती, सुतळीने बांधलेली, प्रत्येकावर त्यांचं तिरकं अक्षर. तिने ती थोडी सरकवून जागा केली. “ताई, हे चालू-बिलू ठेवायला लागतं का?” तिने विचारलं. मी म्हटलं, नाही, नुसतं असू दे. तिच्या मुलाचा लॅपटॉप मागून घेतला, डिस्क जोडली, तीन फोल्डर उघडून पाहिली, त्यातल्या एकाच कॅसेटचा थोडा आवाज ऐकला. आत्याचाच होता, हळदीकुंकवाच्या दिवशीचा, बायकांना बसा बसा म्हणणारा. आत्येबहीण स्वयंपाकघरातून तशीच ओल्या हातांनी बाहेर आली.

मग डिस्क काढली, स्पंजमध्ये ठेवली आणि झाकणावर पट्टी चिकटवली. पेन तिचंच घेतलं. पट्टीवर लिहिलं: साताऱ्याची प्रत, जानेवारी २०२६. त्याच्या खाली: जुलैत बदलणे.